पद नाही, मग रोस्टर कुठलं?

पीएचडी होऊन चार वर्षं झाली. आता मुलाखत कशी द्यायची, बायोडेटा कसा लिहायचा हे शिकवत फिरतो. आज जालना, परवा बीड. मानधन तासावर, एसटीचं भाडं खिशातून, बिल निघतं तीन महिन्यांनी. लोक म्हणतात, सर, तुम्ही स्वतःचे मालक!

कामाची लाज नाही. बाबासाहेबांनीही १९२५ ते १९२८ बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. प्रश्न वेगळा आहे. पद असेल तर बिंदुनामावली लागते. २०१९ मध्ये विभागनिहाय रोस्टरविरुद्ध आपण रस्त्यावर उतरलो, केंद्राला कायदा करावा लागला. पण प्रशिक्षकाचं पदच नाही, तर आरक्षण लावणार कशाला? कुणाला बोलवायचं ते संस्थाचालक फोनवर ठरवतो. त्याच्या फोनमध्ये कुणाची आडनावं असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

वर्गातली पोरं विचारतात, ‘सर, पीएचडी करू का?’ मी ‘करा’ म्हणतो. लगेच पुढचा प्रश्न, ‘मग तुम्ही परमनंट का नाही?’ याचं उत्तर कोर्सच्या पुस्तिकेत नाही. चहाच्या सुट्टीत मी ते देतो, रोस्टर म्हणजे काय इथपासून.