करवंटीतली वीज

धनत्रयोदशीच्या सकाळची गोष्ट. घरात करंज्यांचा घाट घातलेला होता. सौभाग्यवती नारळ खवीत होत्या आणि मी वर्तमानपत्राच्या आडून खोबऱ्यावर लक्ष ठेवून होतो. रिकामी करवंटी त्या डब्यात टाकणार, तोच आमच्या कन्येने ती उचलली आणि म्हणाली, "टाकू नकोस गं आई. हिच्यात वीज साठवता येते!"

मी वर्तमानपत्र खाली केले नाही. त्याला कारण होते. दोन वर्षांपूर्वी या मुलीने बँकेतली कायमची नोकरी सोडून संशोधनाची वाट धरली. संशोधन कशावर? तर कोळशावर! त्या दिवशी मी संतापून म्हणालो होतो, "कोळसा उगाळावा तितका काळाच, लक्षात ठेव." तेव्हापासून आमचे संभाषण "जेवलीस का?" आणि "हो, बाबा" यापलीकडे गेले नव्हते. वाचकहो, बापलेकीचा अबोला फार सभ्य असतो. शेजाऱ्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

"करवंटीत कसली गं वीज?" सौभाग्यवतींनी विचारले.

मग कन्येने सांगितले ते असे. हवा लागू न देता करवंटी तापवली की तिचा कोळसा होतो. तोच कोळसा प्रखर उष्णतेत वाफेने पोखरला की त्याला इतकी सूक्ष्म छिद्रे पडतात की, एका ग्रॅमच्या आतल्या साऱ्या भिंती उलगडून पसरल्या, तर हजार-दीड हजार चौरस मीटर जागा व्यापतील. "म्हणजे आपल्या घरासारखी वीस-पंचवीस बिऱ्हाडं चिमूटभर कोळशात!" बाजारातल्या पुष्कळ सुपरकपॅसिटरांत असाच करवंटीचा कोळसा असतो म्हणे.

"आणि हा सुपरकपॅसिटर कोण?" मी वर्तमानपत्रालाच विचारले.

"बॅटरीचा चुलतभाऊ समजा, बाबा."

बॅटरीत वीज साठते ती रासायनिक क्रियेने. म्हणून ती भरायला वेळ लागतो आणि दर खेपेस आतला पदार्थ थोडा झिजतो. सुपरकपॅसिटरात कोळशाच्या भिंतींवर नुसता विद्युतभार जमतो आणि भोवतीच्या द्रावातले विरुद्ध भाराचे आयन त्या भिंतींपाशी येऊन दाटीने उभे राहतात. वीज काढून घेतली की ते पांगतात. म्हणून तो काही सेकंदांत भरतो, तितक्याच चटकन देतो, आणि लाखो वेळा हे करूनही फारसा थकत नाही. जितक्या भिंती अधिक, तितका साठा अधिक. भारांच्या या दुहेरी थराचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ साली केले होते; सच्छिद्र कार्बन वापरून असा कपॅसिटर करण्याचे पेटंट अमेरिकेत १९५७ साली निघाले.

"मग तू नवीन काय करतेस?" हा प्रश्न मला वाटला त्याहून कडू निघाला.

ती शांतपणे म्हणाली, "कोळसा ठिसूळ असतो, बाबा. मला तो वाकवायचाय." १९९१ साली जपानच्या इजिमा यांनी कार्बनच्या नॅनोनळ्यांचे वर्णन केले, केसाच्या हजारो पटींनी बारीक अशा त्या नळ्या. २००४ साली मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोवोसेलोव यांनी साध्या चिकटपट्टीने ग्रॅफाइटचे पापुद्रे काढीत ग्राफीन मिळवले, एका अणूइतक्या जाडीचे! २०१० साली त्यांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी नॅनोनळ्यांच्या शाईत सुती कापड बुडवून, रंगाऱ्याने लुगडे रंगवावे तसे, त्यातून वीज साठवणारे कापड तयार केल्याचे प्रसिद्ध केले.

कन्येने पिशवीतून तीन काळ्या पट्ट्या काढल्या. प्रत्येक पट्टीत कापडाचे दोन तुकडे आणि मध्ये जेलीसारखा थर. एकीला एक जोडून तिने त्या मनगटाला गुंडाळल्या, दोन पेन्सिल सेल क्षणभर टेकवले आणि काढून घेतले. मनगटावर तांबडा दिवा लागला! तिने हात वळवला, मूठ मिटली, उघडली. दिवा तेवतच होता. खवणीवरचा हात थांबला. वर्तमानपत्रही केव्हा खाली गेले, मला कळले नाही.

मिनिटभराने दिवा मंदावला आणि विझला.

"एवढंच?" मी म्हणालो. दोन वर्षांचा राग त्या एका शब्दात होता.

"एवढंच, बाबा. वजनास वजन घेतलं, तर लिथियम बॅटरीत याच्या वीसपटींहून जास्त ऊर्जा मावते. शिवाय भरून ठेवला तरी काही दिवसांत साठा आपोआप गळून जातो. तेच तर कमी करायचंय." आणि तिने सेल पुन्हा टेकवले. दिवा पुन्हा लागला. विझला. पुन्हा लागला.

त्या रात्री मला झोप येईना. मी बॅटरीच्या जातीचा माणूस आहे, हे मला कळून चुकले. माझा राग सावकाश भरतो. पण भरला की दोन वर्षे गळत नाही, आणि दर खेपेस आतले काहीतरी झिजवून जातो. मुलगी मात्र दर रविवारी आपण होऊन फोन करीत आली होती. मी दोन वाक्यांत तो सौभाग्यवतींच्या हाती देत होतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा तिचाच फोन येत होता.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ती निघाली. मी पाच करवंट्या घासूनपुसून, शेंड्या काढून, उन्हात वाळवून ठेवल्या होत्या. वर्तमानपत्रात बांधलेले ते गाठोडे मी तिच्यापुढे केले.

"बाबा, आमच्याकडे कार्बन तयार आणि शुद्ध केलेला मिळतो. या करवंट्या..." ती बोलता बोलता थांबली. तिने माझ्याकडे पाहिले आणि गाठोडे पिशवीत सर्वांत वर ठेवले.

"चालतील," ती म्हणाली.

"तो दिवा जास्त वेळ तेवायला लागला, की आधी मला सांग," मी म्हणालो. "आईला नंतर."