दुखऱ्या कंबरेचा जलप्रवास

ज्याची कंबर कधीं दुखली नाहीं त्याला समुद्र निळा दिसतो. ज्याची दुखते त्याला तो प्रथम हालता दिसतो. मी ह्या दुसऱ्या वर्गांतला. चार वर्षांपूर्वीं भरलेली बादली उचलतांना कंबरेंत उसण भरली, आणि पुढें तपासणींत मणक्यांमधील एक गादी सरकल्याचें निष्पन्न झालें. तेव्हांपासून प्रवासाचा बेत निघाला कीं घरांतील इतर माणसें स्थळाचा विचार करतात आणि मी खुर्चीचा.

आमचें बिऱ्हाड उलव्यास आहे. जेथें एके काळीं भातखाचरें, मिठागरें आणि खाजणें होतीं तेथें आतां सिडकोच्या आंखणीप्रमाणें उंच इमारती उभ्या आहेत. विमानतळासाठीं येथील टेकडी कापून सपाट केली, नदीचा प्रवाह वळविला, आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन होऊन २५ डिसेंबरपासून तेथून विमानें सुटूंही लागलीं. एवढी टेकडी हलते, पण आपली एक गादी जागेवर बसत नाहीं, असा विषाद मी खिडकींत उभा राहून अनेकदां केला आहे.

आमच्या सौ.चें माहेर रत्नागिरीकडचें. लहानपणीं ती कोंकणच्या बोटीनें मुंबईस येत असे. त्या बोटी बहुतेक बंदरांत धक्क्याला लागत नसत. दूर नांगर टाकीत, आणि उतारूंना हेलकावणाऱ्या पडावांत उतरावें लागे. त्या आठवणी सांगतांना तिचा चेहरा अजून उजळतो. पुन्हां एकदां समुद्रावर रात्र काढावी एवढीच तिची हौस. दोनदां मी कांहीं तरी सबब सांगून ती मोडली. तिसऱ्या वेळीं तिनें विषयच काढला नाहीं, आणि त्या मौनानें मला कंबरेहून अधिक टोंचलें. मी आमच्या नेहमींच्या डॉक्टरांकडे गेलों व विचारलें, "जाऊं कीं नको?" ते म्हणाले, "जा. मात्र जहाजाच्या कोणत्या भागांत निजणार, तें आधीं ठरवा."

ह्या वाक्याचा अर्थ मला जहाजावर गेल्यावर कळला; वाचकांनीं तो घरींच समजून घ्यावा. लाटांवर जहाज पुढेंमागें डोलतें तें मुलांच्या खेळांतील फळीप्रमाणें. टोंकें वरखालीं होतात, मध्य फारसा हालत नाहीं. तसेंच जों जों वरच्या मजल्यावर जावें तों तों आडवा झोला वाढतो. आधुनिक जहाजांच्या बुडाशीं दोन्ही अंगांस पंखांसारखे पट्टे असतात. ते आडवा झोला पुष्कळ कमी करतात, पण उभ्या लाटेपुढें त्यांचें फारसें चालत नाहीं. म्हणून दुखऱ्या कंबरेच्या माणसानें केबिन घ्यावी ती जहाजाच्या मध्यावर आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर, उद्वाहनापासून फार दूर नसलेली. उंचावरच्या सज्जाचा मोह सोडावा. ऋतूही पाहून घ्यावा. पावसाळ्यांत अरबी समुद्र खवळलेला असतो. थंडीच्या दिवसांत तो बराच शांत राहतो.

आम्ही माघांत निघालों. पूर्वीं उलव्याहून मुंबई बंदरास जावयाचें म्हणजे वाशीवरून सबंध खाडीला वळसा. १२ जानेवारी २०२४ रोजीं अटल सेतूचें उद्घाटन झालें, आणि सुमारें २१.८ किलोमीटर लांबीच्या, पैकीं १६.५ किलोमीटर पाण्यावर असलेल्या त्या पुलानें शिवडी आमच्या दाराशीं आणून ठेविली. मोटारींत जितकें कमी बसावें तितकें आमच्यासारख्यांना बरें. तरीही मीं एक पंचा गुंडाळून कंबरेच्या पोकळींत धरला होता. सामान एका जड पेटीऐवजीं चाकांच्या दोन हलक्या बॅगांत विभागलें होतें.

बॅलार्ड पियरजवळच्या नव्या क्रूझ टर्मिनलचें उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ रोजीं झालें. वास्तु प्रशस्त आहे. पण कागदपत्रें व सामान तपासण्याच्या रांगा कोणत्याही बंदरांत टळत नाहींत. माझ्यासारख्यास चालणें सोपें, एका जागीं उभें राहणें कठीण. सौ. हळूच म्हणाली, "अहो, चाकांची खुर्ची मागूं या का?" मीं नकार दिला. वीस मिनिटांनीं डावा पाय सुन्न होऊं लागला, तेव्हां मींच ती मागितली. खुर्चींत बसतांना चारचौघांत मान खालीं गेली खरी. पण त्या खुर्चीनें वांचविलेली शक्ति मला पुढें दोन दिवस पुरली.

जहाज सुटण्यापूर्वीं संकटकाळीं कोठें जमावयाचें ह्याची कवाईत होते. जिने उतरण्यास ज्याला वेळ लागतो त्यानें तें तेथील सेवकांस तेव्हांच सांगावें, कारण आग वगैरे प्रसंगीं उद्वाहन वापरतां येत नाहीं.

पहिल्या रात्रीं गादी फार मऊ वाटली. कुशीवर निजून दोन गुडघ्यांमध्यें एक उशी धरली, तेव्हां कंबरेचा पीळ सुटला. उताणें निजणाऱ्यानें तीच उशी गुडघ्यांखालीं घ्यावी. पहांटे उठतांना एकदम उठून बसूं नये; कुशीवर वळावें, पाय खालीं सोडावे आणि हातांच्या रेट्यानें अंग उचलावें. चालतांना एक हात सदैव कठड्याला असावा.

दुसरा दिवस सबंध समुद्रांत गेला. हालत्या जमिनीवर तोल राखण्यासाठीं पाठीचे स्नायु नकळत अखंड काम करीत असतात, त्यामुळें कांहीं न करतांही कंबर थकते. पूर्वीं अशा वेळीं पडून राहण्याचा सल्ला देत; आतां वैद्यकाचें मत उलट आहे. फार दिवस अंथरुणावर पडल्यानें कंबर अधिकच आंखडते. सोसवेल तितकी हालचाल हेंच औषध. मी दर अर्ध्या तासानें उठून डेकवर एक फेरी मारी. खोल कोचांत न बसतां भोजनगृहांतील सरळ पाठीची खुर्ची गांठी, आणि संध्याकाळीं गरम पाण्याच्या पिशवीनें वीस मिनिटें शेक घेई. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांनीं सांगितल्या तेवढ्याच, आणि जेवणानंतर, घेतल्या. ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंड किंवा आम्लपित्त ह्यांचा विकार आहे त्यांनीं त्या स्वतःच्या मनानें घेऊंच नयेत. जुन्या दुखण्याचा खर्च प्रवासाच्या विम्यांत धरला आहे कीं नाहीं, हेंही निघण्यापूर्वीं पाहावें. आणि पायांतील शक्ति जाऊं लागली, जांघेभोंवतीं बधिरता आली, किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर तें साधें कंबरदुखणें नव्हे. क्षणाचाही विलंब न लावतां जहाजावरील डॉक्टरांना गांठावें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं अगत्ती बेट दिसलें. पांढऱ्या वाळूची एक रेघ, तिच्यावर माडांची दाटी, आणि भोंवतीं हिरव्या-निळ्या पाण्याचें तळें. पोवळ्यांच्या कड्यामुळें मोठें जहाज आंत जात नाहीं; बाहेर उभें राहतें, आणि उतारूंना लहान नावेनें न्यावें लागतें. मी खालच्या दारापाशीं जाऊन पाहिलें. नाव हातभर वर येई, हातभर खालीं जाई, आणि ती वर आली त्या क्षणीं पाऊल टाकावयाचें. दोन सेवक हात देण्यास उभे होते. एवढे रुपये खर्चून, एवढ्या दूर येऊन, दारांतून परतावयाचें? मागें रांग होती. मीं सौ.कडे पाहिलें आणि म्हणालों, "हें माझ्यानें होणार नाहीं. तूं जाऊन ये."

"तुम्हांला एकटें टाकून?"

"मी डेकवर बसून तुझी नाव पाहीन."

तिनें पदर खोंचला, हातांतली पिशवी माझ्याकडे दिली आणि नाव वर येण्याची वाट पाहिली. मग कोणाचा हात न धरतां, लहानपणीं पडावांत उतरत असेल तशी, ती सहज आंत गेली. नावेंतील तरुण मंडळींनीं तिच्याकडे आश्चर्यानें पाहिलें. तिनें मात्र वळून माझ्याकडे पाहिलें.

दुपारीं ती परतली ती रिकाम्या हातानें, कारण तेथील पोवळीं उचलण्यास कायद्यानें मनाई आहे. लुगड्याचा कांठ गुडघ्यापर्यंत भिजला होता. तिनें बेटाचें वर्णन सुरू केलें तें जेवणाची वेळ टळून गेली तरी संपेना. मी सरळ पाठीच्या खुर्चींत, कंबरेमागें पंचा घेऊन, तें ऐकत बसलों. दोन वर्षें मी तिला जी सबब सांगत आलों होतों ती खरी तर कंबरेची नव्हतीच. "हें मला जमणार नाहीं" असें चारचौघांत म्हणण्याची लाज होती. ती त्या दारापाशीं सुटली.

उलव्यास परतलों तेव्हां कंबर निघतांना होती तेवढीच दुखत होती. अधिक नाहीं. पुढच्या माघांत कोठें जावें, ह्याचा विचार सौ.नें सुरू केला आहे. खुर्चीचा विचार माझ्याकडेच आहे.