रफ वही

परवा आत्याचा फोन झाला. झाला म्हणजे चांगला तासभर झाला. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा, १२ जुलै १९६१ ला, ती आठ वर्षांची होती आणि नारायण पेठेत राहायची. आजवर तिच्याकडून त्या पुराचे तुकडेच ऐकले होते. त्या दिवशी कशी कोण जाणे, ती सलग बोलत गेली. मी फोन स्पीकरवर टाकला. समोर ईमॅक्स उघडाच होता, त्यातल्या 'स्क्रॅच' बफरमध्ये टाइप करत सुटले.

ज्यांना ईमॅक्सचा नाद नाही त्यांच्यासाठी सांगते. स्क्रॅच म्हणजे शाळेतली रफ वही. ईमॅक्स सुरू केला की ती समोर येते, काहीही खरडा. पण तिच्यामागे डिस्कवर कुठलीच फाईल नसते. इथलं लिखाण जतन होत नाही, अशी सूचनाही वर लिहिलेली असते. वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर असलेली सूचना कोण वाचतं?

रात्री नेहमीप्रमाणे कंट्रोल-एक्स कंट्रोल-सी केलं. ईमॅक्सने विचारलं, किराण्याची यादी बदललीये, सेव्ह करू? मी हो म्हटलं. यादीत फक्त हिंग वाढवला होता. स्क्रॅचबद्दल त्याने अवाक्षर काढलं नाही. हिंग वाचला, आत्या गेली! (आत्या, रागावू नकोस, तू हे वाचणार माहितीये.)

सकाळी शोधाशोध. ईमॅक्स आपोआप प्रत ठेवतो ना? ठेवतो. साधारण दर ३०० कळा दाबल्या की, किंवा अर्धा मिनिट हात थांबले की, नावाच्या दोन्ही बाजूंना # लावलेली एक फाईल तयार होते. मशीन अचानक बंद पडलं तर 'रिकव्हर-फाईल' म्हणून ती परत मिळवता येते. पण हे सगळं ज्या बफरला फाईल आहे त्याच्यासाठी. रफ वहीला ते लाड नाहीत. एक कंट्रोल-एक्स कंट्रोल-डब्ल्यू करून फाईलला नाव दिलं असतं तरी भागलं असतं.

शेवटी लाज गुंडाळून आत्याला फोन केला. ती हसली. "अगं, आमचं तर घरच वाहून गेलं होतं, तुझं एक पान गेलं तर काय एवढं?" आणि पुन्हा सांगायला बसली.

पण हे सांगणं वेगळं होतं. नीटनेटकं. आदल्या दिवशी ती म्हणाली होती की पाणी ओसरल्यावर आजीने भिजलेले गहू गच्चीवर पसरले, त्यांना मोड आले, आणि तो आंबूस वास अजून नाकात आहे. हे बोलताना ती मध्येच थांबली होती. या वेळी गहू आलेच नाहीत. मी आठवण करून दिली, तर म्हणाली, "मी असं म्हटलं? गच्ची कुठे होती गं आम्हाला?"

आता काय करायचं? माझ्या ऐकण्यात चूक झाली, की तिच्या आठवणीत, की पहिल्यांदा सांगताना कुठलं तरी दार उघडलं होतं ते पुन्हा मिटलं? पडताळायला तो बफर नाही.

असो. आता मी आधी कंट्रोल-एक्स कंट्रोल-एफ करून फाईलला नाव देते, मगच लिहायला घेते. आणि स्क्रॅचसाठी 'बफर-ऑफर-सेव्ह' सुरू केलंय, म्हणजे बंद करताना तोही विचारतो.

नव्या फाईलचं नाव 'पानशेत'. तिच्यात आत्याने दुसऱ्यांदा सांगितलेलं सगळं आहे. गव्हाचं वाक्यही शेवटी घातलंय, पुढे प्रश्नचिन्ह टाकून. आत्याला वाचून दाखवलं. ती जरा गप्प राहिली, मग म्हणाली, "राहू दे ते."

सेव्ह केलं.