त्या जागेला काय म्हणतात?

मी आठवीत होतो तेव्हाची ही गोष्ट. साल १९९१. घरच्या चार माणसांशिवाय आजवर कुणाला सांगितली नव्हती. कारण सांगायची म्हटली की एक शब्द उच्चारावा लागतो, आणि तो शब्द तेव्हा माझ्याजवळ नव्हता. सगळा घोटाळा त्यातूनच झाला.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. कापूस वेचणीचे दिवस होते. घरातली मोठी माणसं दिवसभर शेतात राबून आलेली, म्हणून आठ वाजताच जेवणं आटोपून सगळे आडवे झाले. नऊच्या सुमारास मला एकदम कळ आली. मांड्यांच्या मध्ये, डाव्या बाजूला. अशी कळ की श्वासच अडकला. मग ती वर पोटात चढली, मळमळलं आणि भडभडून उलटी झाली. आवाजानं माय उठली.

"काहून रे, काय झालं?"

"पोट दुखून रायलं."

"कुठीसा?"

मी बेंबीच्या खाली हात ठेवला. हात अजून एक वीत खाली न्यायचा होता. पण नेला नाही.

मायनं ओवा चावायला दिला, बेंबीत हिंग भरला. बाबांनी गावातल्या डॉक्टरांना उठवून आणलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, वात धरला असेल म्हणाले, एक इंजेक्शन टोचलं आणि गेले. रात्रभर मी गुडघे पोटाशी घेऊन पडून होतो. मधेच बाबा कंदील घेऊन जवळ बसले आणि म्हणाले, "पोटातच दुखते ना रे?" मी मान डोलावली. आज मला त्या मान डोलावण्याचा जेवढा राग येतो, तेवढा कशाचाच येत नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं यवतमाळ गाठलं. (तेव्हा आमच्याकडून शकुंतला रेल्वेही धावत होती, पण तिच्या वेगाबद्दल न बोललेलं बरं.) दवाखान्यात एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली, बाबांना बाहेर पाठवलं आणि अगदी साध्या आवाजात, जसं काही 'ताप आहे का' विचारावं तसं विचारलं, "बाळा, लघवीच्या जागेच्या खाली, गोळी आहे ना, तिथं दुखतंय का?"

मला रडूच फुटलं. बारा तासांत पहिल्यांदा कुणीतरी बरोबर प्रश्न विचारला होता.

त्यानंतर तासाभरात ऑपरेशन झालं. पण उशीर झाला होता. डावा वृषण काळानिळा पडला होता, तो काढून टाकावा लागला.

काय झालं होतं, ते एका तरुण डॉक्टरांनी मला नंतर कागदाच्या पाठीवर चित्र काढून समजावलं. मुलांच्या शरीरात दोन वृषण असतात, पोटाबाहेर, वृषणकोश नावाच्या कातडीच्या पिशवीत. प्रत्येक वृषण एका दोरीला टांगलेला असतो. त्या दोरीतूनच त्याला रक्त पोचतं. काही मुलांमध्ये वृषण आत नीट बांधलेला नसतो, घंटेच्या लोलकासारखा सुटा लोंबतो. मग कधी कधी झोपेतसुद्धा तो स्वतःभोवती फिरतो आणि बैलाच्या दाव्याला पीळ पडावा तसा त्या दोरीला पीळ पडतो. रक्त बंद. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन करून पीळ सोडवला, तर वृषण बहुतेक वेळा वाचतो. पुढे मात्र प्रत्येक तास महाग पडतो. हे दुखणं कुणालाही होऊ शकतं, पण बारा ते अठरा या वयात सर्वात जास्त होतं. म्हणजे नेमकं त्या वयात, जेव्हा मुलगा मेला तरी आईला सांगणार नाही!

माझ्या उजव्या बाजूला डॉक्टरांनी टाके घालून वृषण पक्का बसवला, म्हणजे त्यालाही पीळ पडू नये. आणि म्हणाले, "एक पुरतो. काळजी करू नको." ते खरं निघालं. मला आज दोन मुलं आहेत.

मी बोललो का नाही, यावर मी नंतर पुष्कळ विचार केला. लाज तर होतीच. पण खरी अडचण अशी की त्या भागासाठी आमच्याकडे दोनच प्रकारचे शब्द होते. एक शिव्यांमधले, जे पारावर रोज ऐकू यायचे आणि मायसमोर काढले असते तर थोबाडीत बसली असती. दुसरे पुस्तकातले, आणि पुस्तकातला तो धडा तर आमच्या वरच्या वर्गातल्या मुलांना "घरी वाचून घ्या" एवढ्या दोन शब्दांत शिकवला गेला होता. (तीन शब्द झाले. असो.) मधला, घरात वापरायचा, साधा शब्दच नव्हता. हाताला हात, गुडघ्याला गुडघा म्हणतो तसा.

मग मी शब्दांच्याच मागे लागलो. दवाखान्यातून घरी आल्यावर एका नात्यातल्या ताईचं नर्सिंगचं पुस्तक मिळालं, ते उशाखाली ठेवून वाचलं. त्यात मजेमजेच्या गोष्टी सापडल्या.

वृषण पोटाबाहेर का? तर बीज तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. थंडी वाजली की स्नायू त्यांना वर ओढून घेतात, उकडलं की खाली सोडतात. मे महिन्यातल्या आमच्या यवतमाळात, जिथं पारा ४५ ला टेकतो, तिथं त्या बिचाऱ्या स्नायूंचं काय होत असेल, असा प्रश्न मला पडला होता. वृषणाला मागून चिकटलेली एक नळी असते, अधिवृषण. ती उलगडली तर सुमारे सहा मीटर भरते. आमच्या घराच्या ओसरीपेक्षा लांब! तिथून पुढे शुक्रवाहिनी, मग वाटेत पुरःस्थ ग्रंथी, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना लघवीचा त्रास देते ती 'प्रोस्टेट'. मुलांमध्ये लघवी आणि बीज यांचा शेवटचा रस्ता एकच, शिश्नातून जाणारा.

मुलींमध्ये तसं नाही. लघवीचा मार्ग वेगळा आणि योनिमार्ग वेगळा. हे मी माझ्या एका पदवीधर मित्राला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "काहीतरीच काय!" योनिमार्गाच्या वर गर्भाशय, उलट्या टांगलेल्या लहान पेरूएवढं, जेमतेम साडेसात सेंटिमीटरचं. नऊ महिन्यांत तेच ताणून तीन किलोचं बाळ सामावतं. दोन्ही बाजूंना बदामाएवढी दोन अंडाशयं आणि त्यांच्याकडे हात पसरलेल्या दोन नळ्या. इंग्रजीत त्यांना फॅलोपियन म्हणतात, कारण सोळाव्या शतकात फॅलोपिओ नावाच्या इटालियन डॉक्टरानं त्यांचं वर्णन केलं. माणसाच्या शरीरातल्या नळीला दुसऱ्याच माणसाचं आडनाव!

आता सर्वात गमतीची गोष्ट. मराठीत 'अंड' हा शब्द दोन्हीकडे आहे, बघा. पुरुषाच्या वृषणाची पिशवी सुजली की लोक 'अंडवृद्धी' म्हणतात, आणि बाईच्या बीजाच्या घराला आपण 'अंडाशय' म्हणतो. मला वाटलं, हा आपल्या भाषेचा गोंधळ. पण युरोपातही शेकडो वर्षं डॉक्टर अंडाशयाला 'बाईचे वृषण' म्हणत होते. आणि शास्त्र सांगतं की ते अगदीच चुकीचं नव्हतं. पोटातलं बाळ सहा आठवड्यांचं होईपर्यंत मुलगा आणि मुलगी यांचे हे अवयव हुबेहूब सारखे असतात. एकाच गोळ्यातून पुढे कुणाचे वृषण होतात, कुणाची अंडाशयं. कुणाचं काय व्हायचं ते बहुतेक वेळा वडिलांकडून आलेल्या गुणसूत्रानं ठरतं. "हिला मुलीच होतात" म्हणून सुनेला बोलणाऱ्या आज्यांना हे कुणी सांगावं?

पुरुषाचं बीज लेवेनहूक या हॉलंडच्या माणसानं १६७७ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. सस्तन प्राण्यातलं स्त्रीबीज मात्र फॉन बेअर यांना १८२७ साली, म्हणजे दीडशे वर्षांनी सापडलं. तेही कुत्रीमध्ये. खरं तर स्त्रीबीज हे शरीरातल्या सर्वात मोठ्या पेशींपैकी एक. एक दशांश मिलिमीटर, नुसत्या डोळ्यांनाही बारीक ठिपका दिसावा एवढं. पण बाईच्या शरीरात शोधायची घाई कुणाला नव्हती, असं माझं मत.

आमच्या मराठीत हे उघडपणे लिहिणारे गृहस्थ होते रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताचे प्राध्यापक. १९२७ पासून ते 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते, मरेपर्यंत म्हणजे १९५३ पर्यंत. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली एका खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला, मासिक चालूच राहिलं.

हे सगळं वाचून मी शहाणा झालो असं नाही. दहावीत असताना माझ्या धाकट्या बहिणीला 'कावळा शिवला' आणि ती चार दिवस मागच्या पडवीत बसली. मी पुस्तक उशाला घेऊन झोपणारा मुलगा, पण तिला एक शब्द बोललो नाही. ती पाचवीपर्यंत तर खरोखरच कावळ्याला भिऊन डोक्यावर दप्तर धरून शाळेत जायची. बाळासाठी गर्भाशयात महिनाभर तयार झालेलं अस्तर, बाळ नसलं की बाहेर टाकलं जातं, एवढीच ती गोष्ट. पाच वाक्यांत सांगता आली असती.

आणि मायचं तर आणखी पुढे. माझ्या ऑपरेशननंतर ती पुष्कळ दिवस म्हणायची, "मले काहून नाही सांगतलं रे तू?" एकदा मी चिडून उलट विचारलं, "काय म्हणून सांगतलं असतं?" ती गप्प झाली. पुढे बारा-तेरा वर्षांनी, माझी बायको घरात आल्यावर, मायनं तिच्याजवळ हळूच सांगितलं की तिच्या अंगावरून पांढरं जाते आणि कंबर भरून येते. केव्हापासून? "हा पोरगा शाळेत होता तवापासून." म्हणजे ज्या वर्षी ती मला 'काहून नाही सांगतलं' विचारत होती, त्या वर्षी ती स्वतःही सांगत नव्हती! तिच्याकडेही 'पिशवी' हा एकच शब्द होता, आणि पिशवीचं नाव काढलं की डॉक्टर पिशवीच काढतात, ही भीती. तपासलं तेव्हा साधा जंतुसंसर्ग निघाला. दोन आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा झाला.

माय एकटी नव्हती. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या होत्या. त्याचा अहवाल १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. शंभरातल्या ९२ जणींना या अवयवांचा कुठला ना कुठला आजार होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या शंभरात फक्त आठ. हा लेख मी वाचला तेव्हा मला आमच्या ओसरीवर कंबर धरून दाळ निवडणारी माय दिसली.

पुरुषांचंही काही वेगळं नाही. विदर्भात हत्तीरोगाचे डास आहेत आणि त्या रोगानं वृषणकोशात पाणी भरतं. आमच्या गावात एक आजोबा ढगळ धोतर नेसून वर्षानुवर्षं हळूहळू चालायचे. सगळ्यांना ठाऊक होतं, पण 'गुडघे धरले' असं म्हणायचे. लहानशा ऑपरेशननं बरं होणारं दुखणं ते शेवटपर्यंत गुडघ्यांच्या नावावर घेऊन फिरले.

आमच्या घरी मात्र आता नियम आहे. नाक, कान, वृषण, योनी, सगळं एकाच आवाजात म्हणायचं. सुरुवातीला माझीच जीभ अडखळायची. मुलांना काही वाटायचं नाही, कारण त्यांना ते शब्द शिवीआधी कळले होते.

धाकटा सातवीत असताना एके दिवशी मैदानावरून वाकून चालत आला आणि अंगणातूनच ओरडला, "बाबा, वृषणाला बॉल लागला!" शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या, त्यांचा तांब्या हातातच राहिला. मी उठेपर्यंत ओसरीवरून माय म्हणाली, "उताणा पड अन् थंड पाण्याचा फडका ठेव. घंट्याभरात दुखनं थांबलं नाही, नाहीतर उलटी आली, त यवतमाळले नेतो." आणि सुपातली दाळ पाखडत पुन्हा म्हणाली, "कोन्त्या बाजूचा रे? डावा का उजवा?"