मूळपीठाची चढण

भाच्यानं इटलीतल्या अमाल्फीहून फोटो पाठवला. कड्याला चिकटलेली घरं, टप्प्याटप्प्यानं उतरत गेलेल्या लिंबाच्या बागा, तळाशी निळाशार समुद्र. ‘मावशी, जन्मात एकदा तरी बघायला हवं!’ १९९७ पासून तो किनारा जागतिक वारसा आहे. पुण्यातल्या घरात बसून फोटो मोठा करून पाहताना तिच्या डोळ्यांपुढे आली ती मात्र सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या मूळपीठाची चढण.

समुद्र नाही, एवढंच. खटावचा मुलूख कोरडा. पाऊस सरला की डोंगरावर नुसती कुसळं. पण वर यमाई आहे आणि वाटेत श्रीभवानी वस्तुसंग्रहालय. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. रविवर्मा, धुरंधर यांची चित्रं, युरोपातल्या शिल्पांच्या संगमरवरी प्रतिकृती आणि हेन्री मूरचं दगडी माता-बालक, सगळं त्यांनी या माळावर आणून ठेवलं.

पौषातल्या यात्रेत ती आजीबरोबर गेली होती. देवीची ओटी भरून उतरताना दोघी आत शिरल्या. मूरच्या त्या ठोकळेबाज बाईला पोरंटोरं हसत होती. आजी हसली नाही. अंगठ्याला कुंकू उरलं होतं. हात पुढे गेला, थबकला, मग तिनं अंगठा पदराला पुसला. ‘ही पण लेकुरवाळीच की गं,’ म्हणाली.

‘असला ठेवा मुंबईत हवा होता, खेड्यात कोण बघतंय?’ असं कुणी म्हटलं की तिचा आवाज चढतो. आजीनं बघितलं होतं!

संग्रहालय १९३८ चं. त्याच वर्षी भवानरावांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती द्यायचं जाहीर केलं. ७२ गावांचं विखुरलेलं संस्थान. गांधीजींचा सल्ला, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची धडपड, आणि १९३९ मध्ये गावोगावच्या पंचायतींवर उभी राहिलेली राज्यघटना. शाळेत तिला यातलं काहीच कुणी शिकवलं नाही. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूरही तेव्हाचंच. गजाआड न कोंडता कैद्यांना तिथं कुटुंबासह राहू दिलं, शेती करू दिली. ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट त्यावरूनच सुचलेला.

सहलीच्या गाड्या यमाई आणि संग्रहालय करून परततात. आटपाडीचा रस्ता कुणी धरत नाही, आणि तिचा खरा राग आता त्यावर आहे.