फ्री थ्रोच्या रेषेवरच्या भाचीस

इस्लामपूर

चि. छकुलीस,


दादाचा फोन आला होता. बास्केटबॉलचा सामना एका गुणानं गेला, शेवटचे दोन्ही फ्री थ्रो तुझे चुकले आणि घरी आल्यावर तू न जेवताच झोपलीस, हे त्यानं सांगितलं. मग म्हणाला, मैदानावर कुणीतरी बोललं, "सरावात वाघीण, सामन्यात कच खाते." हे वाक्य मला तुझ्या डोक्यातून काढायचंय. पत्र मुद्दाम उघडं लिहितेय, कारण असं ऐकून घेतलेल्या मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. खेळाची शिक्षिका म्हणून त्यांचे चेहरे मी रोज बघते.

आधी ती फेकच नीट बघू. रिंग जमिनीपासून ३.०५ मीटरवर, रेषा बोर्डापासून ४.६ मीटरवर. रिंगचा व्यास ४५ सेंटिमीटर, तुझ्या ६ नंबरच्या चेंडूचा साधारण २३. म्हणजे रिंग चेंडूच्या जवळजवळ दुप्पट रुंद. समोर आडवं कुणी येत नाही, अंतर कधी बदलत नाही, पंच चेंडू हातात देतो आणि पाच सेकंद तुझे. इतकं सोपं दिसतं म्हणूनच चुकलं की बघणाऱ्याला राग येतो. पण अमेरिकेतल्या एनबीएत, जिथं माणसं याच कामाचे कोट्यवधी रुपये घेतात, तिथंही गेल्या पन्नास वर्षांत सरासरी चारातल्या तीनच्या आसपासच राहिली आहे.

निक अँडरसनची गोष्ट तुला माहीत असायला हवी. १९९५ ची एनबीएची अंतिम मालिका, पहिला सामना, ऑरलँडो विरुद्ध ह्यूस्टन. ऑरलँडो तीन गुणांनी पुढे, साडेदहा सेकंद शिल्लक, आणि अँडरसन रेषेवर. एक गेला असता तरी सामना जवळपास खिशात होता. दोन्ही चुकले. उडालेला चेंडू त्यानंच पकडला, पुन्हा त्याच्यावर फाऊल झाला, पुन्हा दोन मिळाले. तेही चुकले. ह्यूस्टननं तीन गुणांचा बास्केट मारून बरोबरी साधली, जादा वेळेत सामना जिंकला आणि पुढं मालिकाही ४-० नं घेतली. त्या मोसमात हा माणूस शंभरातले सत्तर फ्री थ्रो पाडत होता. दोन वर्षांनी तो शंभरात चाळीसवर आला होता. ते चार चुकले याचं मला फारसं वाटत नाही. पुढची घसरण मात्र मला छळते, आणि तुला लिहायला बसले ती त्याच भीतीनं.

या विषयाचा लोकांनी कसून अभ्यास केलाय. २०११ मध्ये काओ, प्राइस आणि स्टोन या संशोधकांनी एनबीएच्या अनेक मोसमांची नोंद चाळली. अटीतटीच्या सामन्याच्या अगदी शेवटच्या सेकंदांत खेळाडू आपल्या नेहमीच्या प्रमाणापेक्षा शंभरामागे पाच ते दहा फ्री थ्रो जास्त चुकवतात, असं त्यांना दिसलं. पहिला चुकला की दुसरा चुकण्याची शक्यता जास्त. तुझं नेमकं हेच झालं. प्रेक्षक किती आहेत, सामना घरच्या मैदानावर आहे की परक्या, यानं फरक पडल्याचं मात्र त्यांना आढळलं नाही. गुण बरोबरीत असताना शेवटच्या पंधरा सेकंदांतही ही घसरण दिसली नाही. मला यातून असं वाटतं की माणसाला गर्दीपेक्षा हातातलं निसटण्याची धास्ती जास्त जड जाते. बरोबरीत चुकलं तर काही जात नाही, फक्त मिळायचं राहतं.

धास्ती हाताचं काय करते, तेही बघ. आजी भाकरी थापताना तिला विचार, कोणतं बोट कधी वळतं. उत्तर देईपर्यंत भाकरी फाटेल. मुरलेलं काम हात स्वतःच करतो, आणि धास्तावलेलं मन मध्येच येऊन त्याचा एकेक सांधा तपासू लागतं. कोपर आत आहे का? मनगट वाकलं का? सायन बायलॉक या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोल्फवर प्रयोग केले. मुरलेल्या खेळाडूंना 'लवकर मारा' सांगितलं तर ते उलट चांगले मारतात, नवशिके बिघडतात. विचार करायला मिळालेला वेळ मुरलेल्या हाताला नडतो. तुझे ते पाच सेकंद म्हणूनच अवघड.

आपल्या भागातल्या कबड्डीशी हे ताडून बघ. आमच्या शाळेत रिंग एकच, कबड्डीची मैदानं दोन, त्यामुळं मी रोज चढाया बघते. गुण घ्यायलाच हवा अशी तिसरी चढाई करणारी मुलगी मध्यरेषा ओलांडते तेव्हा तोंडात 'कबड्डी कबड्डी' चालू, नजर कोपऱ्यातल्या मुलीच्या पावलांवर, साखळी कुठून बंद होतेय याचा अंदाज चालू. तीस सेकंदांत स्वतःच्या कोपराकडं बघायला तिला सवडच नाही. दडपण तिच्यावरही तेवढंच असतं, पण तोंड आणि डोळे दोन्ही कामाला लागलेले असतात. फ्री थ्रोला तुझं तोंड रिकामं, डोळे रिकामे, आणि बाकीच्या नऊजणी तुझ्याकडं बघत उभ्या. म्हणून दोघांनाही काम दे. चेंडू हातात आला की मनात एकच शब्द घोळव, 'सोड' किंवा 'वर', जो तुला गोड लागेल तो. डोळे रिंगच्या कडेवर एका जागी ठेव आणि फेक सुरू होण्याआधीच ते तिथं स्थिरावू दे. जोन विकर्स यांनी १९९६ मध्ये फ्री थ्रो टाकणाऱ्यांची नजर मोजली, तेव्हा चांगले टाकणारे फेकीआधी रिंगवर जास्त वेळ नजर ठरवतात असंच निघालं.

आता सरावाचं, कारण माझ्या मते अर्धा दोष तिथं आहे. तू सलग पन्नास टाकतेस. पहिला डावीकडं गेला की दुसऱ्याला हात आपोआप सुधारतो, दहाव्यापर्यंत लय लागते, दम लागलेला नसतो. चाळीस पडले की 'माझे ऐंशी टक्के' असा आकडा मनात बसतो. सामन्यात मिळतात दोन, तेही पळून, धक्के खाऊन, आधीच्या फ्री थ्रोला बराच वेळ झाल्यावर. म्हणजे सामन्यातला तुझा प्रत्येक फ्री थ्रो सरावातला पहिला किंवा दुसरा असतो. दहावा कधीच येत नाही. यापुढं वहीत फक्त पहिल्या दोनांचा हिशेब लिही. तो आकडा सामन्यातल्या आकड्याच्या पुष्कळ जवळ जाईल आणि 'सामन्यात काय होतं मला' या प्रश्नाचा मोठा भाग तिथंच सुटेल. १९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात एकच कृती सलग करणारे सरावात पुढं दिसले, पण नंतरच्या चाचणीत कामं मिसळून करणारे सरस ठरले. तेव्हा मैदानाच्या तीन चकरा धाव, दोन टाक, परत खेळायला जा. थोड्या वेळानं पुन्हा दोन. मैत्रिणींना रेषेच्या दोन्ही बाजूंना उभं राहायला सांग, कुणीतरी शिट्टी वाजवू दे. सरावाचा आकडा खाली येईल. येऊ दे.

नेमबाज स्वप्नील कुसाळे आठवतो ना, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा? १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनच्या अंतिम फेरीत ४५१.४ गुण करून त्यानं कांस्य आणलं. नंतर त्यानं सांगितलं की छाती जोरात धडधडत होती, पोटात फक्त कोरा चहा होता. गुणफलकाकडं बघितलं नाही, श्वास सांभाळला आणि वेगळं काही केलं नाही. धडधड त्यालाही थांबवता आली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. तुझ्या कुठल्याही शिक्षकानं 'घाबरू नकोस' सांगितलं तर तो तुला जमणार नाही असं काम सांगतोय. धडधडू दे. श्वास सोड, चेंडू तितक्याच वेळा आपट जितक्या वेळा सरावात आपटतेस, आणि टाक.

आणि लोक काय म्हणतील याचं. एनबीएतल्या विल्ट चेंबरलेननं २ मार्च १९६२ ला एका सामन्यात शंभर गुण केले, त्या दिवशी ३२ पैकी २८ फ्री थ्रो पाडले. त्या मोसमात तो दोन्ही हातांनी खालून चेंडू उचलून टाकायचा. पुढं ती पद्धत त्यानं सोडली, कारण ती बायकी दिसते अशी त्याला लाज वाटायची. कारकिर्दीचं त्याचं प्रमाण जेमतेम निम्म्यावर राहिलं. रिक बॅरी हा दुसरा खेळाडू मात्र तशीच फेक करत राहिला आणि शंभरात नव्वदच्या आसपास पाडत गेला.

दादानं शेवटी एक सांगितलं, ते मला या सगळ्यापेक्षा जास्त लागलं. पुढच्या सामन्यात तू रिंगकडं घुसलीच नाहीस म्हणे. लांबूनच पास देत राहिलीस, फाऊल होऊ नये म्हणून. छकुले, तुझा खेळ घुसण्याचा आहे. दोघींच्या मधून खांदा घालून वर जाणारी तू, तेच बघायला मी सांगलीला आले होते. दोन चुकतील, चार चुकतील, पण घुसायचं सोडू नकोस. दिवाळीच्या सुट्टीत इकडं ये. आमच्या कबड्डीच्या मुली सकाळी सहाला मैदानावर असतात, त्यांच्याबरोबर पळ आणि मधे मधे दोन-दोन टाक. शिट्टी मी वाजवीन.

वहिनीला नमस्कार, दादाला सांग पत्र पोचल्याचं कळवायला.

तुझी,
आत्या