विथ पेपर कितीला?

लॅब्रॅडॉरच्या पिल्लासाठी फोन आला की प्रश्न ठरलेले असतात. रंग कोणता? नर आहे का? डबल बोन आहे का? आणि शेवटी, विथ पेपर कितीला? "आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे काढलेत का?" असं विचारणारे आजवर एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच भेटले.

पेपर म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाचं नोंदणीपत्र. पिल्लाच्या आज्या-पणज्यांची नावं त्यात असतात, पण त्यांचे सांधे कसे होते ते नावांवरून कळत नाही. आणि 'डबल बोन' हा तर निव्वळ बाजारातला शब्द. गिऱ्हाइकाला जाडजूड, गुबगुबीत पिल्लू आवडतं, म्हणून त्याला दाबून खायला घातलं जातं. नेमकं हेच खुब्याला मारक ठरतं.

आजाराचं नाव हिप डिस्प्लेझिया. खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा उखळीत घट्ट बसायला हवा. तो सैल राहिला की घासत राहतो, उखळ उथळ होते, आणि पुढे संधिवात येतो. गंमत अशी की जन्मतः पिल्लाचे खुबे ठीकच असतात, बिघाड वाढीच्या वयात होतो. दोष अनेक जनुकांतून येतो आणि वजन, आहार त्यात भर घालतात. अमेरिकेत १९८७ मध्ये ४८ लॅब्रॅडॉर पिल्लांवर एक दीर्घ अभ्यास सुरू झाला होता. जोडीतल्या एका पिल्लाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं. कमी खाणाऱ्यांचे खुबे चांगले राहिले, आणि सरासरी ते जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले!

पण नुसता आहार सांभाळून भागत नाही, आईबाप निवडूनच घ्यावे लागतात. त्यासाठी अमेरिकेतली ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था १९६६ पासून एक्स-रे तपासून दाखले देते. कुत्र्याला उताणं निजवून, मागचे पाय सरळ ताणून, गुडघे आत वळवून फोटो काढतात. जागा कुत्रा असं पडून राहत नाही, म्हणून बहुतेक डॉक्टर भूल देतात. तीन तज्ज्ञ तो एक्स-रे स्वतंत्रपणे वाचतात. सात श्रेण्या आहेत. एक्सलंट, गुड आणि फेअर पास, मग बॉर्डरलाइन, आणि माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर नापास. वयाचे २४ महिने पूर्ण झाल्याशिवाय पक्का दाखला मिळत नाही. आपल्याकडच्या २०१७ च्या नियमांत मादीसाठी १८ महिन्यांची अट आहे. म्हणजे कायदा हो म्हणत असताना वर आणखी सहा महिने आपणच थांबायचं.

आमच्या मैनासाठी आम्ही थांबलो. पिवळी, बांधेसूद, पाण्यात सोडली की बाहेर न येणारी. तिच्या पिल्लांसाठी तिघांनी आधीच सांगून ठेवलं होतं. भूल, एक्स-रे, तपासणीची फी असे मिळून बारा हजारांच्या आसपास गेले. निकाल आला, मॉडरेट. दोन्ही बाजूंना.

त्या दिवशीही ती अंगणात चेंडूमागे धावत होती. लंगडणं नाही, कुरकुर नाही. ओळखीतले एक जण म्हणाले, "एवढी छान कुत्री, एक तरी वेत घ्या. कोण बघतंय?" खरंच, कोणीच बघत नव्हतं. दाखला मी कपाटात ठेवला असता तर पेपर मिळालेच असते, पिल्लंही विकली गेली असती. मी त्या तिघांना फोन करून नाही कळवलं आणि मैनाचं ऑपरेशन करून घेतलं. दोन वर्षांचं खाणंपिणं, लसी, आणि तिच्यासारखंच एक पिल्लू घरात ठेवायची आमची इच्छा, हे सगळं तिथं संपलं. बारा हजार त्यामानाने किरकोळ.

मला वाटतं तपासणीचा खरा खर्च हाच आहे. फीचा हिशोब सोपा आहे. नर-मादी दोघांचे चोवीस हजार आठ पिल्लांत वाटले तर पिल्लामागे तीन हजार. ते गिऱ्हाईकही देईल. पण नापास झालेल्या कुत्रीचा खर्च कोणात वाटायचा? तो पाळणाऱ्याला एकट्यालाच सोसावा लागतो. म्हणूनच अनेक जण एक्स-रेच काढत नाहीत. "माझा नर तर भिंतीवरून उड्या मारतो," असं सांगतात. मैनाही मारायची.

तपासलेल्या आईबापांच्या पिल्लालाही हा आजार होऊ शकतो, हे कबूल. एक्स-रे हमी देत नाही, धोका कमी करतो. पण एक्स-रे न काढल्याने खर्च वाचतो असं नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. चार-पाच वर्षांनी कुठल्या तरी फ्लॅटमध्ये एक लॅब सकाळी गुळगुळीत फरशीवरून उठायला धडपडतो, आणि त्याचा मालक वेदनाशामक गोळ्या आणि ऑपरेशनचा आकडा ऐकत बसतो. पिल्लू विकणारा तेव्हा फोन उचलत नाही.

मैना आता सहा वर्षांची आहे. फासळ्या हाताला लागतील इतपतच वजन ठेवलंय तिचं, जिने बंद, पोहणं चालू. थंडीत सकाळी उठताना जरा वेळ घेते.

पिल्लू घ्यायला जाल तेव्हा रंग जरूर विचारा. पण त्याआधी दोन्ही एक्स-रेचे दाखले मागा. दाखवणारा भेटला तर तीन हजारांसाठी घासाघीस करू नका.